घरच्या घरी धातू वितळवणं आणि ओतणं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी घरामागच्या अंगणात कथील, ॲल्युमिनियम आणि थोडंफार पितळ ओततोय, एका वेळी पावकिलो, फार तर अर्धा किलो. ओळखीतले लोक तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून सगळं एकाच जागी लिहून काढलंय. क्रम असा काही लावलेला नाही, पण पाण्याबद्दलचा जो प्रश्न आहे तो प्लीज वाचाच, बाकी सगळं सोडलंत तरी चालेल.

सुरुवात कुठल्या धातूपासून करू?

कथील. दुसरं काही नाही. २३२ अंशाला वितळतं, म्हणजे पुऱ्या तळायच्या तेलापेक्षा थोडंसंच जास्त गरम, साध्या गॅसच्या शेगडीवर पाच-दहा मिनिटात पावकिलोचं पाणी होतं. भट्टी लागत नाही, मूस (धातू वितळवायचं खास भांडं) लागत नाही, ब्लोअर लागत नाही. आणि ओतकामातल्या ज्या मूळ गोष्टी आहेत ना, साचा कोरडा करणं, रस, म्हणजे वितळलेला धातू, कधी ओतायचा ते ओळखणं, हवा कुठून बाहेर जाणार, धातू थिजताना आक्रसतो म्हणजे नक्की काय होतं, हे सगळं कथिलावर शिकता येतं. बरेच जण व्हिडिओ बघून थेट ॲल्युमिनियमवर उडी मारतात आणि ६६० अंशाच्या रसासोबत पहिल्या चुका करतात. त्याच चुका २३२ अंशावर करा ना, फरक फार मोठा असतो.

कथील मिळतं कुठे? आणि ते खरं आहे हे कसं कळणार?

कल्हईवाले जे वापरतात तेच. पुण्यात तांबट आळीच्या आसपास, किंवा कुठल्याही जुन्या गावात जिथे तांब्या-पितळेच्या भांड्यांचा बाजार आहे तिथे विचारा, कल्हईचं कथील म्हटलं की कळतं. नाहीतर इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानात लेड-फ्री सोल्डरची कांडी मिळते, त्यात ९९ टक्क्यांच्या वर कथील आणि थोडं तांबं असतं, तीही उत्तम. फक्त कांडी घ्या, तार नको, तारेच्या आत राळेचा फ्लक्स भरलेला असतो त्याचा धूर होतो. कथील तांब्यापेक्षाही महाग आहे त्यामुळे कोणी फारच स्वस्तात देत असेल तर त्यात शिसं मिसळलेलं असायची शक्यता धरा.

घरी करायच्या दोन परीक्षा आहेत. पातळ कांडी कानाजवळ धरून वाकवा, शुद्ध कथील वाकताना कुरकुरतं, चक्क ऐकू येतं, आतले स्फटिक एकमेकांवर वळतात त्याचा तो आवाज. दुसरी, कांडी पांढऱ्या कागदावर घासा, पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर शिसं आहे असं समजून बाजूला ठेवा. या दोन्ही ढोबळ परीक्षा आहेत, खात्री हवी असेल तर बिल देणाऱ्या दुकानातून ग्रेड लिहिलेला माल घ्या.

शिसं स्वस्त आहे, ३२७ अंशाला वितळतं, मासे पकडायच्या जाळ्याची वजनं तर लोक घरी ओततातच की. मग शिसं का नको?

ओततात हे खरं आहे आणि मला त्याची काळजी वाटते. शिशाचा त्रास लगेच दिसत नाही. रसावर जी राखाडी पूड येते ती हाताला लागते, कपड्याला लागते, जमिनीवर पडते आणि रांगणारं मूल तीच बोटं तोंडात घालतं. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि त्याची सुरक्षित अशी कुठली पातळी नाही. जुनी बॅटरी फोडून शिसं काढायचं तर नावही काढू नका, त्यात ॲसिड असतं आणि आणखी नको ते पदार्थ असतात. जुनं सोल्डरसुद्धा यातच धरा, ६०/४० लिहिलेलं असेल तर त्यातलं ४० म्हणजे शिसं. कथिलाला जास्त पैसे जातात, जाऊ देत, पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येतंच.

पहिलं ओतकाम अगदी स्टेप बाय स्टेप सांगा.

एक छोटं जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या, चोच असलेलं मिळालं तर फार छान, आणि ते त्यानंतर स्वयंपाकात कधीच येणार नाही असं आधीच ठरवून त्यावर खूण करा. साच्यासाठी पहिल्यांदा शंखजिऱ्याच्या दगडाची चपटी वडी घ्या, हा दगड मऊ असतो, खिळ्याने किंवा जुन्या स्क्रूड्रायव्हरने कोरता येतो, त्यात पान, मासा, नाव, जे हवं ते दोन-तीन मिलिमीटर खोल कोरायचं. उघडा साचा म्हणजे एकच बाजू उमटणार, मागची बाजू सपाट, पहिल्या वेळेला तेवढं पुरे. वडी आधी शेगडीच्या मंद आचेजवळ किंवा ओव्हनमध्ये तासभर तापवून घ्या. दोन कारणं आहेत, एक तर ओल जाते आणि दुसरं म्हणजे थंड दगडावर रस पडला की कोपऱ्यात पोचायच्या आधीच थिजतो.

मग कथील वितळवा. वर पातळ साय येते ती चमच्याने बाजूला सारा, चमचाही कोरडा आणि थोडा तापवलेला हवा. रस पुरेसा गरम झाला का बघायला एक लाकडी काडी बुडवून काढा, तपकिरी झाली की ओतायची वेळ झाली, लगेच काळी पडून धूर आला तर गॅस बंद करून थोडं थांबा. ओतताना एकाच धारेत, न थांबता, अर्धवट थांबलात तर तिथे सांधा दिसतो. वरचा तकाकता आरसा हळूच दुधाळ होतो, तेव्हा थिजलं. पण हात लावू नका अजून दहा मिनिटं, थिजलेलं कथील आणि गार झालेलं कथील दिसायला अगदी सारखं असतं.

अंदाजासाठी सांगतो, ५० ग्रॅम कथील म्हणजे आकाराने चहाचा जेमतेम दीड चमचा. लोक फार जास्त वितळवतात. कीचेनएवढी वस्तू असेल तर १०० ग्रॅम भरपूर झालं.

पाण्याचं एवढं काय?

आता हे नीट वाचा. पाण्याची वाफ झाली की जागा साधारण १७०० पट लागते. म्हणजे साच्याच्या तळाशी अर्धा चमचा पाणी राहिलं तर त्याची चार लिटर वाफ होणार, तीही डोळ्याची पापणी लवायच्या आत, आणि तिच्या वर काय आहे तर तुमचा वितळलेला धातू. वाफेला बाहेर पडायला वाट नसते, ती सगळा रस घेऊन वर येते, सरळ तोंडाच्या दिशेने, कारण ओतताना आपण वाकून बघत असतो.

माझ्या बाबतीत हे झालंय. प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा होता, चार दिवस उन्हात ठेवलेला, हाताला एकदम कोरडा लागत होता म्हणून ओतलं. आधी बुडबुड असा आवाज आला, मग फट्कन, आणि कथिलाचे थेंब पत्र्याच्या छपरापर्यंत. डोळ्यावर गॉगल होता म्हणून डोळे वाचले, मनगटावरचे दोन डाग अजून आहेत. ते कथील होतं. तेच ॲल्युमिनियम असतं तर मी आज हे लिहायला बसलो नसतो असं मला खरंच वाटतं.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. प्लास्टरमध्ये नुसतं भिजलेलं पाणी नसतं, घट्ट होताना ते पाणी स्फटिकातच बांधलं जातं, ते उन्हाने जात नाही, त्याला दीडशे अंशाच्या आसपासची आच तासन्‌तास लागते. आता मी प्लास्टरचा साचा ओव्हनमध्ये हळूहळू वाढवत नेतो आणि शेवटी साच्याच्या तोंडावर गार स्टीलचा चमचा धरतो, चमच्यावर धुकं आलं की अजून पाणी आहे, परत आत. धुकं यायचं पूर्ण थांबेपर्यंत ओतायचं नाही म्हणजे नाही.

ओल कुठे कुठे लपते बघा: गंजलेल्या पळीत, नव्या मुशीत, भंगाराच्या वाकलेल्या नळीत, काल रात्री बाहेर राहिलेल्या वाळूत, कपाळावरून टपकणाऱ्या घामात. मी जून ते सप्टेंबर ओतकाम बंदच ठेवतो, कोकणात राहणाऱ्यांनी तर ऑक्टोबरही अर्धा सोडावा, त्या हवेत कोरडं असं काही नसतंच.

पण सोनार तर वितळलेली चांदी सरळ पाण्यात ओततात, दाणे पाडायला. त्यांना कसं काही होत नाही?

फार चांगला प्रश्न आहे आणि याचं उत्तर कळलं की वरचं सगळं जास्त नीट कळतं. पाणी खाली आणि धातू वर, किंवा धातूच्या पोटात पाणी अडकलेलं, हे धोक्याचं. सोनार करतात त्यात उलट असतं, भरपूर खोल पाणी, त्यात बारीक धार, थोडी उंचावरून. प्रत्येक थेंब सुटा पडतो, त्याच्याभोवती वाफेचं आवरण होतं, वाफेला वर जायला मोकळी वाट असते आणि पाणी एवढं असतं की ते उष्णता पिऊन टाकतं. तरी हे हाताला वळण लागलेल्या माणसाचं काम आहे. पाणी कमी असेल, धार जाड असेल, रस बुडाशी जाऊन साचला तर तिथेही उडतं. आणि ॲल्युमिनियमच्या बाबतीत तर हे कधीच करू नका, ते वितळलेलं असताना पाण्याशी रासायनिक क्रियाही करतं, हायड्रोजन निघतो, कारखान्यांमध्ये मोठे स्फोट झालेत यामुळे.

जमिनीवर सांडलं तर?

काँक्रीट किंवा सिमेंटची जमीन असेल तर वाईट. काँक्रीटच्या आत नेहमी थोडं पाणी असतं, रस पडला की वरचा पापुद्रा फटाक्यासारखा उडतो. फरशीही तडकते. म्हणून दोन-तीन इंच कोरड्या वाळूचा थर पसरा आणि सगळं काम त्याच्यावर करा, ओतायचा साचासुद्धा त्या वाळूतच ठेवा. शेजारी कोरड्या वाळूची बादली. पाण्याची बादली भट्टीपासून लांब, ती फक्त भाजलेल्या हातासाठी.

कपडे काय घालू?

सुती. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, पँटचे पाय बुटांच्या वरून आलेले, बुटात खोचलेले नकोत. टेरिकॉट, नायलॉन, ट्रॅकपँट नको, हे कपडे वितळून कातडीला चिकटतात. चामड्याचे बूट, चप्पल अजिबात नाही. वेल्डिंगचे चामडी हातमोजे थोडे ढगळ घ्या म्हणजे आत काही गेलं तर झटकून काढता येतात. गॉगल आणि त्यावर पारदर्शक फेस शील्ड, नुसता चष्मा चालत नाही.

ॲल्युमिनियमकडे कधी वळू? कोल्ड्रिंकचे कॅन वितळवता येतात ना?

कथिलाची आठ-दहा ओतकामं कुठलीही गडबड न होता झाली की वळा. कॅन वितळतात, पण मी सांगेन की त्यांच्या नादी लागू नका. पत्रा इतका पातळ असतो की बराचसा भाग जळून ऑक्साइडच होतो, त्यात रंग आणि आतला प्लास्टिकचा लेप यांचा घाण धूर, शंभर कॅन घालून हातात मळीच जास्त येते. शिवाय तो धातू लाटायचा आहे, ओतायचा नाही.

भंगारवाल्याकडे जाऊन मूळचंच ओतीव असलेलं ॲल्युमिनियम मागा, स्कूटरच्या इंजिनाचं कव्हर, पिस्टन, सिलिंडर हेड. यात सिलिकॉन मिसळलेलं असतं त्यामुळे रस पातळ होतो आणि साच्यात छान पळतो. १२ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असेल तर ५७७ अंशालाच वितळतं, शुद्ध ॲल्युमिनियमपेक्षा ८० अंश खाली. तोडून, तेल धुवून, पूर्ण वाळवून, भट्टीच्या कडेवर तापवून मगच रसात सोडा. बंद नळी, शॉक ॲब्सॉर्बर, कुठलीही सीलबंद वस्तू टाकू नका, आतली हवा आणि तेल फुगून ती फुटते. आणि एखादा तुकडा ॲल्युमिनियमपेक्षाही हलका वाटला तर त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका, जोरात बुडबुडे आले तर ते मॅग्नेशियम आहे. ते पेटलं तर विझत नाही आणि पाणी टाकलं तर जास्त भडकतं.

अजून एक, लोक यात फसतात. ॲल्युमिनियमचा रस उजेडात लाल दिसत नाही. ७०० अंशाला दिवसा तो पाऱ्यासारखा शांत चंदेरी दिसतो, गरम आहे असं वाटतच नाही.

स्टीलच्या डब्यात ॲल्युमिनियम वितळवलं तर चालतं का?

दोन-तीनदा चालतं आणि मग एके दिवशी बूड सुटतं. वितळलेलं ॲल्युमिनियम लोखंड हळूहळू खात असतं, डबा आतून पातळ होत जातो आणि बाहेरून काहीच कळत नाही. सरळ ग्राफाइटची मूस घ्या.

मूस कुठली, किती नंबरची?

मुशीचा नंबर म्हणजे ढोबळमानाने तिच्यात मावणारं तांबं-पितळ किलोमध्ये, एक नंबर म्हणजे एक किलोच्या आसपास. ॲल्युमिनियम हलकं म्हणून त्याच मुशीत वजनाने एक तृतीयांशच मावणार. घरच्या कामाला एक किंवा दोन नंबर पुष्कळ.

नवी मूस आणली की थेट आगीत ठेवायची नाही. आधी २०० अंशाच्या आसपास दोन तास सुकवा, मग हळूहळू लाल होऊ द्या, मग तशीच भट्टीत गार होऊ द्या. सोनारकामाची पांढरी मातीची मूस असेल तर तिला तापवून आतून टाकणखार (बोरॅक्स) फिरवा, काचेसारखा लेप बसतो आणि धातू चिकटत नाही. मुशीत धातू थिजू देऊ नका, पुढच्या वेळी तो थिजलेला गठ्ठा मुशीच्या आधी फुगतो आणि मूस चिरते. म्हणून उरलेला रस कायम कोरड्या लोखंडी साच्यात ओतून टाकायचा. गार मुशीत लांब तुकडे ठोकून बसवू नका, कारण तेच. सांडशी मुशीच्या पोटाला धरणारी हवी, काठाला चिमटा लावून उचललं तर काठ तुटतो.

भट्टीसाठी घरचा सिलिंडर वापरू?

नाही. घरगुती सिलिंडर फक्त स्वयंपाकासाठी आहे, तसा नियमच आहे. भट्टीला कमर्शियल सिलिंडर, हाय प्रेशर रेग्युलेटर आणि चांगला पाइप लागतो. मी स्वतः दगडी कोळसा नाही, लाकडी कोळसा वापरतो, भाजीच्या मोठ्या पत्र्याच्या डब्याला आतून फायरक्लेचं, म्हणजे आच सोसणाऱ्या मातीचं, अस्तर, खालून एक लोखंडी नळी आणि तिला छोटा ब्लोअर. लोहार भात्याने जे करायचे तेच. यात ॲल्युमिनियम वीस-पंचवीस मिनिटात येतं आणि जोर लावला तर पितळही. पत्रा जस्ताचा नको, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड बादली नको, तिचं जस्त जळतं.

कोळशाच्या भट्टीतून कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला वासही नाही रंगही नाही. गॅरेजमध्ये शटर अर्धं ओढून काम करायचं नाही, उघड्यावरच.

फ्लॅटमध्ये राहतो, बाल्कनीत करू का?

कथील खिडकीजवळच्या शेगडीवर एक्झॉस्ट लावून जमेल, घरात कोणी मूल मध्ये येणार नसेल तर. बाकी काहीही नाही. बाल्कनीच्या खाली लोक चालतात.

पितळाचा पांढरा धूर येतो, तो काय आहे?

जस्त. पितळ साधारण ९०० ते ९५० अंशाला वितळतं आणि जस्त ९०७ अंशाला उकळतं, म्हणजे पितळ वितळेपर्यंत त्यातलं जस्त उडायच्या तयारीतच असतं. बाहेर येऊन हवेत जळतं आणि पांढऱ्या कापसासारखे तंतू उडतात. ते श्वासात गेले की चार-दहा तासांनी, म्हणजे बहुतेक रात्री, थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव, अंग मोडून येतं. बहुतेकदा एक-दोन दिवसांत उतरतो, पण म्हणून तो साधा समजू नका, धाप लागली तर डॉक्टरकडे जा आणि काय काम करत होतो तेही सांगा. दूध प्यायलं की काही होत नाही असं जुने कारागीर सांगतात, त्यांचा मान ठेवून सांगतो, दूध पोटात जातं, धूर फुप्फुसात.

उपाय म्हणजे उगाच जास्त तापवायचं नाही, रसावर काचेच्या चुऱ्याचं नाहीतर टाकणखाराचं झाकण ठेवायचं, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहायचं. खरं सांगू, छोट्या कामाला पितळापेक्षा कांसं मला आवडतं, तांबं आणि कथील, त्यात जस्त नाही. पण वितळायला जास्त आच मागतं.

चांदी घरी आटवता येते का?

येते, ९६२ अंश, सोनारकामाची मूस आणि टॉर्च किंवा छोटी इलेक्ट्रिक भट्टी. हुपरीसारख्या चांदीच्या गावात आटणी हे रोजचं काम आहे आणि शक्य असेल तर आधी तिथे उभं राहून बघा. चांदी वितळली की हवेतला ऑक्सिजन पिते, स्वतःच्या आकाराच्या वीसेक पट, आणि थिजताना तो सगळा सोडते, त्यामुळे वरचा भाग उसळतो, थेंब उडतात, फोड येतात. म्हणून टाकणखाराचं आवरण आणि कोळशाची भुकटी. जुने दागिने आटवायच्या आधी डाग देताना, म्हणजे सांधे जोडताना, कॅडमियम वापरलंय का याचा विचार करा, जुन्या डागात असू शकतं आणि त्याचा धूर फार विषारी असतो. माहीत नसलेले दागिने मी घरी आटवत नाही.

सोनं?

सोनाराकडे द्या, समोर उभं राहून आटवून घ्या.

वाळूचा साचा कसा करायचा?

बारीक वाळू, तिच्यात वजनाने आठ-दहा टक्के बेंटोनाइट (एक चिकट माती) आणि तीन-चार टक्के पाणी. बेंटोनाइट अर्थिंगच्या खड्ड्यात भरायला वापरतात, त्या दुकानात पोतं मिळतं. कोणी म्हणेल की पाणी नको सांगितलं आणि आता पाणी घाला म्हणताय, तर फरक असा की इथे पाणी अगदी थोडं, मातीने धरून ठेवलेलं आणि वाळूच्या कणांमधून वाफेला जायला जागा असते. मूठ दाबून बघा, बोटांचे ठसे उमटले पाहिजेत, मधून मोडल्यावर कड स्वच्छ राहिली पाहिजे आणि तळवा ओला व्हायला नको. तळवा ओला झाला तर वाळू पसरून उद्यापर्यंत थांबा. कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये मुरलेले मोल्डर नुसत्या मुठीवरून वाळू कशी आहे ते सांगतात, तो हात यायला वेळ लागतो.

वस्तूला शंखजिऱ्याची पूड लावून वाळू ठोकायची, बॉक्सच्या दोन्ही अर्ध्यात, मग वस्तू काढून रस जायची वाट आणि समोरच्या टोकाला वर यायची वाट, आणि सायकलच्या स्पोकने बारीक भोकं.

समुद्रफेसात ओततात म्हणे?

हो, आणि फार सुंदर उमटतं! माकूल नावाच्या समुद्री प्राण्याच्या पाठीतली ती पांढरी ढलपी, कोकणाच्या किनाऱ्यावर सापडते, नाहीतर पक्ष्यांच्या दुकानात. दोन तुकडे सपाट घासून त्यात अंगठी किंवा छोटा दागिना दाबायचा, ठसा हुबेहूब येतो. वर्षवर्तुळांसारख्या रेघा धातूवर येतात त्या मला फारच आवडतात. नीट वाळवा, आणि ओतताना जळक्या केसांचा वास येतो हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. साचा एकदाच वापरता येतो.

मेणाची मूर्ती करून त्यावरून ओतायची असेल तर धातू किती लागेल?

मेणाचं वजन करा. कथील असेल तर आठ पट, पितळ नऊ-साडेनऊ पट, चांदी साधारण अकरा पट, आणि वाटेत राहणाऱ्या धातूसाठी अजून तिसरा हिस्सा धरा. मेणात थोडी राळ घातली की उन्हाळ्यात मऊ पडत नाही. मेण वितळवून काढल्यावर साचा तापवत ठेवा, जोपर्यंत आतला काळेपणा जळत नाही तोपर्यंत. पितळ-चांदीला नुसतं प्लास्टर चालत नाही, ते फुटतं, ज्वेलरीची इन्व्हेस्टमेंट पावडर घ्या, म्हणजे जास्त आच सोसणारी साच्याची पावडर.

मोठी मूर्ती भरीव ओतायचा मोह होतो. १९७४ साली प्रवरेच्या काठी दायमाबादला बैलगाडीसारखा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले, ते ओतीव आणि भरीव आहेत, चौघांचं मिळून वजन ६० किलोच्या वर. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी आपल्याच नदीकाठी कोणी एवढा रस एका वेळी सांभाळला असेल याचा विचार केला की मला अजूनही भरून येतं. पण आपण अर्ध्या किलोवाले, आपली मूर्ती अंगठ्याएवढी ठेवावी, जाड भाग थिजताना मध्ये खड्डा पडतो आणि तो भरून काढायला वर रसाचा साठा ठेवावा लागतो.

ओतलेली वस्तू अर्धवटच भरली / खड्डा पडला / भोकं आली.

अर्धवट भरली तर रस किंवा साचा थंड होता, किंवा हवेला वाट नव्हती. जाड जागी खड्डा पडला तर आकसलाय, ॲल्युमिनियम थिजताना साधारण सहा टक्के आक्रसतं, त्या जागेला जवळून रस मिळेल अशी वाट ठेवा. आत बारीक भोकं असतील तर ॲल्युमिनियम फार वेळ तापत ठेवलंत, किंवा खूप ढवळलंत, ते ओलीतला हायड्रोजन पितं. मळी काढा, एकदाच, आणि लगेच ओता.

टेम्परेचर मोजायला ती पिस्तुलासारखी गन घेऊ का?

चकचकीत धातूवर ती चुकीचं दाखवते, खूप कमी दाखवते. मल्टिमीटरला लागणारी के टाइप थर्मोकपलची काडी घ्या.

भाजलं तर?

वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही. धातू कातडीला चिकटला असेल तर ओढून काढू नका, गार करा आणि तसंच दवाखान्यात जा. डोळ्यात काही गेलं असेल तर चोळायचं नाही, थेट डोळ्याच्या डॉक्टरकडे. एकट्याने कधीच ओतू नका, हे याचसाठी.

मुलाला बरोबर घेऊ का? त्याला खूप उत्सुकता आहे.

साचा कोरायला, मेणाचं काम करायला, वाळू चाळायला जरूर घ्या, माझी भाची शंखजिऱ्यात माझ्यापेक्षा सुबक मासा कोरते. रस असताना तीन-चार मीटर लांब, गॉगल लावून. मोठा झाल्यावर खरंच आवड टिकली तर आयटीआयमध्ये फाउंड्रीमन नावाचा ट्रेड आहे, तिथे वाळूपासून सगळं रीतसर शिकवतात.

घरी ओतलेल्या वाटीत खाता येईल का?

कल्हईच्या शुद्ध कथिलाची, बिल असलेल्या मालाची आणि जिच्या पातेल्यात कधी दुसरं काही वितळवलं नाही अशी असेल तर थंड, कोरड्या खाऊसाठी ठीक. भंगारातून आलेल्या कुठल्याही धातूची, नाही. आणि कथिलाची वाटी गॅसवर ठेवू नका, ती जिथून आली तिथे परत जाईल.